एकाच किनाऱ्यावरून दोन वाटा: रोहेकर, पेणकर आणि मॉरिशसचे मराठी

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा गाडीत रेंज नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेली प्रेशर कुकरची शिट्टी काढून टाकलीये.)



आजच्या भागाची सुरुवात एका भांडणापासून. मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने एक तक्ता टाकला. अमेरिकेत गेलेले वेगवेगळे समाज, कोणाचं उत्पन्न किती, शिक्षण किती. त्यात वर-खाली नंबर लावलेले. त्यावरून दोघांची जुंपली: ओकिनावाचे लोक पुढे की इजिप्तचे? आता मला सांगा, आमच्या टीममध्ये ना कोणी ओकिनावाचा, ना कोणी इजिप्तचा. तरी तासभर वाद! आणि शेवटी एकाने ते नेहमीचं वाक्य टाकलंच: "शेवटी काय रे, काही लोकांच्या रक्तातच असतं."

मी तेव्हा काही बोललो नाही. दिवा-रोहा गाडीत बसलो होतो, घरी चाललो होतो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पेण गेलं, नागोठणं गेलं, रोहा आलं आणि मला वाटलं, अरे, याचं उत्तर तर आपल्याच गावांच्या नावात आहे.

म्हणून आजचा विषय: आपल्या कोकण किनाऱ्यावरून बाहेर गेलेले दोन समाज. एक मॉरिशसला गेला, एक इस्रायलला. दोन्ही मराठी बोलणारे. दोघांचं पुढे काय झालं, आणि का?

आधी त्या तक्त्याबद्दल

ओकिनावाचे लोक १९०० साली हवाईला पोचायला लागले. कशासाठी? उसाच्या मळ्यात राबायला, करारावर. इजिप्तमधून अमेरिकेत मोठ्या संख्येने लोक गेले ते १९६५ च्या नंतर. त्या वर्षी अमेरिकेचा कायदा बदलला आणि शिकलेल्या, हातात डिग्री असलेल्या लोकांना दार उघडलं. म्हणजे एकीकडे कोयता घेऊन गेलेला मजूर, दुसरीकडे सर्टिफिकेट घेऊन गेलेला डॉक्टर किंवा इंजिनीअर. मध्ये साठ-पासष्ट वर्षांचं अंतर. यांना एका तक्त्यात शेजारी बसवायचं आणि म्हणायचं "बघा, कोण हुशार!"

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कोणी दोन प्रोग्रॅमचा वेग मोजताना एक जुन्या मशीनवर आणि एक नव्या मशीनवर चालवला, तर त्याला आधी चहा पाजतात आणि मग पुन्हा मोजायला लावतात. माणसांच्या बाबतीत मात्र असलं मोजमाप बिनदिक्कत चालतं.

तुलना करायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. करायची. पण प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारायचे. निघताना हातात कोणता कागद होता? पोचल्यावर काय स्वतःच्या नावावर करता आलं? आणि तिथल्या सरकारने तुम्हाला कोण म्हणून मोजलं? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहेत.

शनिवार तेली

माझी आजी रोह्याची. ती लहानपणीच्या गोष्टी सांगताना एक शब्द वापरायची, "शनवार तेली". मला वाटायचं काहीतरी आडनाव असेल. तर हे होते बेने इस्रायल, आपल्या किनाऱ्यावरचे ज्यू. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. शनिवार त्यांचा विसाव्याचा, शब्बाथचा दिवस. गावाने नाव पाडलं: शनिवार तेली.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नक्की कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ते गावागावात पसरले आणि गावाचीच नावं लावू लागले. किहीमचे ते किहीमकर, दिवे आगरचे दिवेकर, आवासचे आवासकर, पेझारीचे पेझारकर. पेणचे पेणकर. आणि रोह्याचे रोहेकर!

पेणला त्यांचं सिनेगॉग १८६३ सालचं आहे. अलिबागला तर आजही इस्रायल आळी आहे. घरात बोलणं मराठी, बायकांच्या अंगावर लुगडी, आणि नवसाला मलिदा. मलिदा म्हणजे काय, तर गोड केलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, सुकामेवा, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नवीच्या नावाने प्रार्थना. पेणच्या माणसाला पोह्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. विचार करा, जगातला एक प्राचीन धर्म, आणि त्याचा प्रसाद पोह्याचा!

एकोणिसाव्या शतकात या लोकांनी मराठीत कीर्तनंसुद्धा केली. बायबलमधल्या कथा, पण ढंग अस्सल आपला.

आता हे बघा. हे लोक आपल्याकडे बाहेरून आलेलेच. कोकणात त्यांची गत काय होती? छळ झाला नाही. कोणी हाकललं नाही. पण गावगाड्यात जागा मिळाली ती तेल्याची. पिढ्यानपिढ्या घाणा.

मग अठराव्या शतकात मुंबईची वाट सापडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झाली, सुतारकाम, बांधकाम मिळालं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर नावाच्या त्यांच्यातल्या फौजी अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. ते लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. पुढे शाळा आल्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. इंग्रजी शिकलेली पोरं रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये कारकून झाली. मुली शिक्षिका, नर्स, डॉक्टर झाल्या. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर. महालक्ष्मीवरून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. सिनेमातले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावातच चौल.

थांबा इथे जरा. रक्त तेच. देव तोच, शनिवार तोच, मलिदा तोच. कोकणात तेली, मुंबईत कारकून आणि महापौर. बदललं काय? बंदराचं शहर, पगाराची नोकरी आणि शाळा. हा पहिला पुरावा बाजूला ठेवा. याचा पुढचा अंक इस्रायलमध्ये आहे, पण त्याआधी दुसरी बोट बघू.

पाच वर्षं, पाच रुपये

१८३४ साल. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद होत होती. मॉरिशसच्या साखर मळेवाल्यांना प्रश्न पडला, आता ऊस कोण तोडणार? उत्तर निघालं हिंदुस्थान. करार करायचा, पाच वर्षांचा. पगार साधारण महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल, कपडा. त्या कराराला, म्हणजे ॲग्रीमेंटला, उत्तरेकडच्या लोकांच्या तोंडी नाव पडलं गिरमिट.

२ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलास नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. तो दिवस मॉरिशस आजही पाळतं. ज्या धक्क्यावर हे सगळे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या वर हिंदुस्थानी माणसं तिथे गेली.

जहाजं सुटायची कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून. मुंबईचा वाटा तिघांत सगळ्यात लहान, पण मराठी माणूस गेला तो याच बंदरातून. प्रामुख्याने कोकणातला, त्यातही रत्नागिरीकडचा जास्त. आपला कुलाबा जिल्हा, म्हणजे आताचा रायगड, त्याच पट्ट्यातला. दुष्काळ, कर्ज, सारा, भाऊबंदकी, घरातून पळून जाणं. कारणं आजही ओळखीची वाटतील अशीच.

तिथे पोचल्यावर? नियम असा की एक दिवस खाडा केला की दोन दिवसांचा पगार कापायचा. त्याला 'डबल कट' म्हणत. आजारी पडलास तरी खाडा तो खाडाच. पाच वर्षं संपली तरी सुटका नाही. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास खिशात ठेवावा लागायचा. रस्त्यात पोलिसाने अडवलं आणि पास नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. आपण आधार कार्ड घरी विसरलो तर फार तर परत जाऊन आणतो. तो माणूस कोठडीत जायचा.

या जाचाविरुद्ध १८७१ साली एक अर्ज गेला. अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या युरोपियन माणसाने जुन्या मजुरांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले, नऊ हजारांहून जास्त. मळेवाले त्याच्यावर भडकले, पण अर्ज लंडनपर्यंत पोचला. शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतर नियम हळूहळू सैल झाले.

म्हणजे पहिला प्रश्न, हातात कोणता कागद होता? मॉरिशसवाल्याच्या हातात करार. त्यावर लिहिलेलं असायचं की हा माणूस पाच वर्षं दुसऱ्याचा.

बाबूची टाय आणि वाळवंट

आता दुसरी बोट. १९४८ ला इस्रायल देश झाला. १९५० ला त्यांनी कायदा केला की जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहण्याचा हक्क आहे. बेने इस्रायल निघाले. त्यांच्या हातात करार नव्हता, नागरिकत्व होतं. कोणाचे मजूर म्हणून नाही, घरचे म्हणून चालले होते. प्रार्थनेत शतकानुशतकं ज्या भूमीचं नाव घेतलं, तिकडे.

आणि गेले ते कुटुंबंच्या कुटुंबं. आजी, आत्या, पाट्यावरवंट्यासकट. मॉरिशसला सुरुवातीला पुरुष फार जास्त आणि बायका फार कमी होत्या. हा फरक लक्षात ठेवा, भाषेच्या वेळी कामाला येईल.

कागद इतका भक्कम, तर सगळं छानच झालं असेल ना? नाही!

देश नवा, रेशन चालू, तंबू आणि पत्र्याच्या छावण्या. बेने इस्रायलींना बऱ्याचदा पाठवलं गेलं ते दूरच्या, नव्याने वसवायच्या गावांत: बेरशेबा, दिमोना, येरुहाम. काही लोद आणि अश्दोदला. दिमोना म्हणजे नेगेवचं वाळवंट. ज्याने आयुष्यभर भरती-ओहोटी बघितली तो माणूस तिकडे.

आणि कामाचं काय? मुंबईत हा माणूस रेल्वेच्या ऑफिसात इंग्रजीत पत्रं टाईप करत होता. इथे भाषा हिब्रू. इंग्रजी टायपिंगला किंमत शून्य. तोच माणूस कापड गिरणीत, बांधकामावर, रस्त्याच्या कामावर. मुंबईत दोन पिढ्यांनी कमावलेली पायरी एका विमानप्रवासात खाली. हा माझा दुसरा पुरावा. रक्त अजूनही तेच, मंडळी. तेली, मग महापौर, मग पुन्हा मजूर.

रंगाचाही प्रश्न आला. आपल्याला काळा पाव देतात आणि युरोपातून आलेल्यांना पांढरा, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ मध्ये त्यांच्यातल्या एका गटाने तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीसमोर धरणं धरलं. मागणी एकच: आम्हाला परत पाठवा. १९५२ ला त्यांना विमानाने मुंबईला परत आणलंही गेलं. आणि मग? त्यातल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जायची मागणी केली, आणि गेलेसुद्धा.

इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे ऐकून हसू नका. मुंबईत खोली सोडली होती, नोकरी सोडली होती. ज्या घरात परत यायचं ते घर जागेवर राहत नाही. गाव सोडलेल्या कोणालाही हे कळेल. मी स्वतः रोहा सोडून पुण्यात सहा वर्षं काढली. परत येतो तेव्हा माझ्या कॉटवर बाबांची वर्तमानपत्रं असतात.

लग्न लागलं, पण धरलं जाईना

दोन्ही समाजांना एकाच ठिकाणी ठेच लागली: लग्न.

मॉरिशसमध्ये आपल्या पद्धतीने लग्न लागलं, पण सरकारी कचेरीत नोंदलं नाही, तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नाही. मुलं अनौरस. त्यातून वारसाहक्काचे प्रश्न, जमिनीचे प्रश्न.

इस्रायलमध्ये तर गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. तिथे ज्यूंची लग्नं धर्मगुरूंच्या संस्थेमार्फतच होतात. १९६१ ला त्या संस्थेने तत्त्वतः मान्य केलं की बेने इस्रायलींशी लग्नाला हरकत नाही. पण १९६२ च्या सूचनांत म्हटलं की लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, कोणाचा धर्म वेगळा होता का, घटस्फोट नीट झाला होता का बघा. ही तपासणी नाव घेऊन फक्त याच समाजासाठी.

कल्पना करा. कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळला. गावाने नाव ठेवलं तेसुद्धा शनिवारवरून. आणि ज्या देशात आपण आपले म्हणून गेलो, तिथे विचारतात: तुम्ही नक्की ज्यू ना?

लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं, उपोषण. ऑगस्टमध्ये प्रकरण इस्रायलच्या संसदेत, क्नेसेटमध्ये गेलं. पंतप्रधान होते लेव्ही एश्कोल. संसदेने स्पष्ट म्हटलं की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. महिनाअखेर धर्मगुरूंच्या संस्थेला सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

उपोषणाचं हत्यार कुठून शिकले असतील, हे मी सांगायला नको.

नावावर काय झालं?

आता दुसरा प्रश्न. पोचल्यावर स्वतःच्या नावावर काय करता आलं?

मॉरिशसमध्ये सुरुवात तळापासून, पण एक गोष्ट घडली. १८७० नंतरच्या काही दशकांत साखरेचा भाव पडला. मळेवाल्यांना पैसा हवा होता, म्हणून त्यांनी कडेच्या कमी प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. तिथल्या इतिहासात याला 'मोर्सेलमां' म्हणतात, म्हणजे तुकडे पाडणं. मजुरांनी साठवलेले पैसे, बायकोचे दागिने, भिशीसारखी गोळा केलेली रक्कम लावून हे तुकडे घेतले. स्वतःचा ऊस, भाजीपाला, एखादी गाय. जमीन छोटी, पण नावावर! नावावर जमीन आली की पोरगा शाळेत जातो. पोरगा शाळेत गेला की नातू सरकारी नोकरीत. १९६८ ला देश स्वतंत्र झाला. १९७० पासून निर्यातीचे कपड्यांचे कारखाने आले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. जो गाडा मोर्सेलमांने हलवला होता त्याला उतार मिळाला.

यात मराठी माणूस एकटा नव्हता. भोजपुरी, तमिळ, तेलुगू सगळेच. मराठी समाज तिथे एक-दोन टक्क्यांचा. मुख्यतः ब्लॅक रिव्हर, वाक्वा, कास्कावेल या बाजूला. मोठे भांडवलदार त्यांच्यातून फार झाले नाहीत. साखरेच्या मोठ्या कंपन्या बराच काळ जुन्या फ्रेंच घराण्यांकडेच राहिल्या. पण शिक्षक, पोलीस, सरकारी कर्मचारी, छोटे शेतकरी असा मध्यमवर्ग उभा राहिला.

इस्रायलमध्ये उलटं. तिथे सरकारने घर दिलं, दवाखाना दिला, शाळा दिली. जे मॉरिशसवाल्यांना मिळायला शंभर वर्षं लागली, ते यांना काही वर्षांत. पण घर कुठे? वाळवंटाच्या कडेला. तिथे कारखाना एक किंवा दोन. कारखाना बंद पडला की गाव बसलं. शाळा आहे, पण मोठ्या शहरातल्या शाळेसारखी नाही. त्यामुळे दुसरी पिढी बरीचशी अडकली ती गावाच्या पत्त्यात. लोदसारख्या ठिकाणी विमान उद्योगात कायमची नोकरी लागली, त्यांचं लवकर बसलं. हॉस्पिटलात नर्सिंगला, बंदरावर, सैन्यात लागले, त्यांचंही. तिसरी पिढी हिब्रूतच जन्मली, सैन्यात गेली, युनिव्हर्सिटीत गेली. आज भारतीय वंशाचे ज्यू तिथे ऐंशी हजारांच्या पुढे आहेत, त्यात बेने इस्रायल सर्वात जास्त. भारतात उरलेत चार-पाच हजार, मुख्यतः मुंबई-ठाणे आणि थोडे आपल्या रायगडात.

बघा गंमत. ज्याच्या हातात वाईट कागद होता, त्याला पुढे जमिनीचा तुकडा सापडला. ज्याच्या हातात उत्तम कागद होता, त्याला पत्ता चुकीचा मिळाला. दोघेही मध्यमवर्गात पोचले. एकाला चार-पाच पिढ्या लागल्या, दुसऱ्याला दोन-तीन.

आडनावातलं गाव, रजिस्टरमधलं गाव

तिसरा प्रश्न: सरकारने कोण म्हणून मोजलं? इथे मला सगळ्यात आश्चर्य वाटलं.

मॉरिशसमध्ये घरात मराठी टिकणं कठीणच होतं. बायका कमी, म्हणून लग्नं भाषेच्या बाहेर झाली. शेतावर भोजपुरी, बाजारात क्रेओल. आज तिथल्या मराठी घरातली रोजची भाषा बहुतेक क्रेओल आहे. आडनावंही गेली. बापाचं नाव तेच पोराचं आडनाव झालं, तेही फ्रेंच कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. गावाचं नाव पुसलं गेलं.

पण तिथल्या जनगणनेत पूर्वजांची भाषा विचारतात, आणि तिथे 'मराठी' असा वेगळा आकडा येतो. आकडा आला की शाळेत शिक्षक येतो. सरकारी शाळांत मराठी विषय म्हणून घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षण आहे, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी आहे. १९६० पासून मराठी मंडळी फेडरेशन आहे. आणि आपली जाखडी, बाल्या नाच, तो तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. मळेवाल्यांनी माणसांवर नजर ठेवायला जी रजिस्टरं लिहिली, नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, तीच आज त्या संस्थेत जपलेली आहेत. पणतू तिथे जातो आणि स्वतःचं गाव शोधतो. पहारा ठेवायला लिहिलेला कागद वंशावळ होऊन बसला.

इस्रायलमध्ये उलटं. कुटुंब अख्खं गेलं, म्हणून पहिल्या पिढीच्या घरात मराठी खणखणीत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. पण देशाला नवी भाषा रुजवायची होती, शाळा हिब्रू, सैन्य हिब्रू. मराठीला तिथे सरकारी जागा नाही. नातवाला आजीचं मराठी कळतं, बोलता येत नाही. पण आडनाव मात्र राहिलं. दिमोनाच्या पाटीवर हिब्रू अक्षरांत पेणकर. अश्दोदच्या एखाद्या दारावर रोहेकर. त्याला कदाचित माहीतही नसेल की त्या नावाचं स्टेशन आहे आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते.

एकाचं आडनाव गेलं, पण भाषेला शाळा मिळाली. दुसऱ्याची भाषा चाललीये, आडनाव राहिलं.

मग रक्तात काय असतं?

तुमच्यातले काही म्हणतील, अरे, तू पण तेच केलंस. शंभर वर्षांचं अंतर, एक शेतमजूर, एक शहरी कारकून, धर्म वेगळा, देश वेगळा. बरोबर! म्हणूनच मी नंबर लावला नाही. मला कोण पुढे हे सांगायचंच नाहीये. मला फक्त दाखवायचं होतं की प्रत्येक वळणावर फरक पडला तो नियमामुळे. डबल कट हा नियम होता. दिमोनाला पाठवणं हा निर्णय होता. १९६२ ची सूचना कोणीतरी सही करून काढली होती, आणि १९६४ ला काढूनही टाकली.

माणसांचा वाटा नव्हता का? होता, मोठा होता. अंगठा उठवणारे होते, दागिने मोडून जमीन घेणारे होते, उपोषणाला बसणारे होते. पण त्यांची सगळी ताकद गेली ती नियम बदलून घेण्यात. त्या तक्त्यात ही ताकद कुठल्या रकान्यात दिसते?

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

दिवाळी झाली की पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जायला निघतात. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं. आधीच उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत काम सोडायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर परततात तेव्हा पोरांच्या शाळेचं वर्ष गेलेलं असतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. लहानपणापासून मी ते टेम्पो बघतोय, आणि लहानपणापासून बाजूचं कोणीतरी म्हणतं, "यांना कितीही द्या, हे असेच राहणार. रक्तातच आहे."

पाच वर्षांचा करार, पाच रुपये, खाड्याला दुप्पट कापणी. तेव्हाच्या मळेवाल्यांनाही आपला मराठी माणूस असाच दिसत होता. त्याचे पणतू आज शाळेत मराठी शिकवतात.

त्या रात्री रोह्याला उतरलो आणि ग्रुपवर एवढंच लिहिलं: "रक्त नको बघूस, कागद बघ." कोणी उत्तर दिलं नाही. एकाने अंगठा दाखवला फक्त. चालतंय.

तुमच्या घरात कोणी मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाची गोष्ट सांगतं का? शेजारी कधी शनिवार तेली राहायचे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पुढच्या वेळी कोणी तसला तक्ता टाकला की ते तीन प्रश्न विचारा.

भेटू!